खांबेट्यांच्या घराचा दाखवण्याचा कार्यक्रम

यज्ञेश्वर खांबेटे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचं खरं कौशल्य खात्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुण्याला कुठे बसवायचं हे त्या माणसाला जसं कळायचं, तसं मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. पाहुणा कुठे बसतो यावर त्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे ठरतं, असा त्यांचा सिद्धांत होता. तो त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचलला नव्हता. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाच्या खटपटीत तो त्यांना सापडला होता.

सहकारनगरातल्या ‘कृतार्थ’ सोसायटीत आम्ही समोरासमोर राहायचो. सोसायटी उभी राहिली तेव्हा सगळे सभासद सरकारी कारकून होते, आणि स्वतःचा ब्लॉक झाला म्हणजे आयुष्य कृतार्थ झालं असं त्यांना मनापासून वाटलं होतं. नंतर त्यांनी फारसं काही केलंही नाही. खांबेट्यांचा ब्लॉक मुळात त्यांच्या वडिलांनी घेतलेला. वडील लवकर गेले आणि धाकट्या कुसुमला उजवायचं काम यज्ञेश्वरांवर आलं.

कुसुमचा डावा पाय जन्मापासून किंचित आखूड होता. बसलेली असताना ती एक नाकीडोळी नीटस मुलगी असे. चालायला लागली की दर पावलाला एका अंगावर झुके. त्यामुळे दाखवण्याच्या कार्यक्रमाला खांबेटे तिला पाहुणे यायच्या आधीच सतरंजीवर बसवून ठेवत. पुढ्यात शेजारच्या गोखल्यांची हार्मोनियम. कुसुमला हार्मोनियम वाजवता येत नव्हती, पण पेटीपुढे बसलेली मुलगी उठत का नाही असं कुणी विचारत नाही. पोह्यांच्या बश्या वासंतीवहिनी आणायच्या, म्हणजे खांबेट्यांची बायको. बश्या आमच्या असायच्या. टेबलक्लॉथवरचं भरतकाम तेवढं कुसुमनं स्वतः केलेलं होतं, पण बाकी सगळं उसनं असल्यामुळे त्याच्यावरही कुणाचा विश्वास बसत नसे.

प्रत्येक खेपेला पाहुण्यांत एखादी चौकस मामी असायचीच. “मुलीला जरा आतून पाणी आणायला सांगा बरं,” असं ती म्हणायची आणि कार्यक्रम संपायचा. मग पत्रिका जुळत नसल्याचं पोस्टकार्ड. हे बरीच वर्षं चाललं आणि एक दिवस कुणीच काही न ठरवता थांबलं.

वासंतीवहिनी टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. घर, स्वयंपाक आणि शौनक हा त्यांचा एकुलता एक मुलगा कुसुमकडे आपोआप आला. पुढे ती सगळ्या बिल्डिंगचीच कुसुमआत्या झाली. पगार नव्हता, त्यामुळे रजाही नव्हती. मध्ये कधीतरी ब्लॉक यज्ञेश्वरांच्या एकट्याच्या नावावर करायचा होता, त्यासाठी तिचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही हवी होती. तिनं कणकेचा हात पुसला, सही केली आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. हे मला वहिनींनीच सांगितलं, तिच्या साधेपणाचं उदाहरण म्हणून.

दोन हजार सहा साली पुण्यात घरांच्या किमतींना पंख फुटले. शौनक हिंजवडीत एका कंपनीत होता. कंपनीचं नाव खोकल्याच्या औषधासारखं होतं आणि तिथे तो काय करतो हे तो इतक्या वेळा समजावून सांगायचा की कुणालाच कळायचं नाही. त्याचा वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट होता, आणि आईवडिलांनी आता त्याच्याकडे राहायला जायचं असं ठरलं होतं. शेजारच्याच नव्या इमारतीत तीन बेडरूमचा मिळत होता. सहकारनगरचं घर विकलं तर तो घेता येणार होता: एक खोली शौनक-सलोनीची, एक आईवडिलांची, एक आत्याची. नाही विकलं, तर आईवडील आहे त्याच दोन बेडरूममध्ये मावणार होते.

“आणि आत्या?” असं त्यांच्याकडे जेवताना निघालं.

“हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे ना,” सलोनी म्हणाली. सुनेला मनातलं बोलायची सवय होती. त्या घरात ती नवीनच होती.

दुसऱ्या दिवशी खांबेटे मला जिन्यात भेटले. पिशवीत दुधी होता. म्हणाले, “कुसुमला खोली मिळाली पाहिजे हो. या वयात तिनं हॉलमध्ये झोपायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिला ओलांडून जायचं, हे मला चालायचं नाही. बाकी मला काही नको.” हे ते अगदी खरं बोलत होते. पुढे जे झालं ते ऐकून लोक त्यांना ढोंगी म्हणाले, म्हणून मुद्दाम सांगतो.

घर विकायचं तर एजंट हवा. हिंदुराव कात्रजचा. त्याची जमीन बायपासमध्ये गेली आणि आलेल्या पैशातून त्यानं बुलेट, मनगटातलं कडं आणि एजंटाचा धंदा असं तिन्ही एकदम घेतलं होतं. तो घरात शिरला, उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, “काका, ह्ये घर हाय का पोष्टाचं गोदाम?”

खांबेट्यांना राग आला नाही. त्यांना हुरूप आला. शौनकनं इंटरनेटवरून अमेरिकेतल्या कुणाचा तरी एक लेख छापून पाठवला होता, घर गिऱ्हाइकाला कसं दाखवावं याबद्दल. खांबेट्यांनी तो सरकारी परिपत्रकासारखा लाल पेन्सिलनं खुणा करत वाचला. घरातल्या माणसांचे फोटो काढावेत, म्हणजे येणाऱ्याला तिथे आपली माणसं कल्पता येतात, असं त्यात होतं. वडिलांचा फोटो चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. पाठोपाठ तीन कालनिर्णयं, रिकाम्या बरण्या, बोहारणीसाठी जमवलेले कपडे आणि शौनकची पहिली सायकल. वरच्या मजल्यावरून काचेचा टीपॉय आला. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांची माशांची पेटी आली, माशांसकट. आमच्याकडून सोफ्याच्या उश्या आणि रबराच्या झाडाची कुंडी. बैठकीच्या भिंतीला ओल होती. कुंडी तिच्यापुढे ठेवली आणि पाहुण्यांची खुर्ची अशी लावली की झाडाच्या पानांमधून टेकडी दिसावी. ते सगळं झाल्यावर खांबेटे स्वतः त्या खुर्चीत बसून बघायचे. मान डावीकडे, मान उजवीकडे. चेहऱ्यावर पस्तीस वर्षांपूर्वीचा भाव.

लेखात शेवटी असं होतं की घरात ताज्या भाजलेल्या ब्रेडचा वास दरवळत असावा. ओव्हन कुणाकडेच नव्हता.

“ब्रेडच्या वासानं सहकारनगरात कोण घर घेतंय?” कुसुमआत्या म्हणाली. “मी बेसन भाजते.”

तेव्हापासून गिऱ्हाईक यायचं असलं की ती आधी कढईत तूप घालून बेसन भाजायला घ्यायची. वास जिन्यात खालपर्यंत जायचा. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्या बिल्डिंगनं एवढे लाडू खाल्ले की डॉक्टरांनी मासे परत मागितले नाहीत.

पहिलं गिऱ्हाईक बिबवेवाडीचे एक व्यापारी. खुर्चीत बसले, टेकडी बघितली, लाडू खाल्ला. तेवढ्यात कुसुमआत्या बाहेर आली.

“ह्या कोण?”

“माझी बहीण,” खांबेटे म्हणाले.

“माहेरपणाला आल्यात?”

“नाही, इथेच असते. लग्न नाही झालेलं.”

व्यापाऱ्यांनी चहा संपवला, घर उत्तम असल्याचं सांगितलं आणि पुन्हा फोन केला नाही.

हिंदुराव डोक्याला हात लावून बसला. “काका, बिनलग्नाची बहीन म्हंजी हिश्श्याचं लफडं. उद्या ती कोर्टात उभी ऱ्हायली म्हंजी घेनाऱ्यानं काय करायचं?”

“अहो, तिनं हक्क सोडलाय. कागद आहे माझ्याकडं.”

“कागद कोन वाचतंय? मानूस दिसतंय ना. आत्याबाईंना तेवढा वेळ हिकडंतिकडं धाडा.”

हे कुसुमआत्यासमोरच झालं. ती कपबश्या उचलत होती. “इकडे की तिकडे, ते ठरवून सांगा,” ती म्हणाली.

मग तिची पलंगडी आणि ट्रंक आमच्याकडे आली आणि तिच्या खोलीची ‘स्टडी’ झाली. टेबलावर आमचा जुना मॉनिटर. त्याला जोडायला काही नव्हतं, म्हणून त्याच्यावर तिनंच शिवलेलं कव्हर घातलं. बेसन भाजून झालं की ती आमच्याकडे येऊन बसायची, नाहीतर तळजाईच्या पायथ्याच्या बागेतल्या बाकावर. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, “आधी मला दाखवायला घर सजवायचे. आता घर दाखवायला मला बाहेर काढतात. प्रगती आहे.”  बायको आत जाऊन पाणी घेऊन आली.

आणखी काही गिऱ्हाइकं येऊन गेली. कुणाला तिसरा मजला नको होता, कुणाला गाडीला जागा हवी होती. वाकडच्या बिल्डरनं शौनकला अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली. खांबेट्यांची झोप गेली.

अशात चैत्रातल्या एका रविवारी दिग्विजय आणि भाग्यश्री आले. दोघंही अकोल्याकडची, दोघंही हिंजवडीत, आणि भाग्यश्रीला पाचवा महिना. हिंदुरावानं त्यांना अकराची वेळ दिली होती. रविवारी रस्ते मोकळे असतात हे त्यांना ठाऊक नसावं. ती बरीच आधी आली. मी नेमका रबराची कुंडी पाणी घालून परत आणत होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं.

बेल वाजली आणि दार कुसुमआत्यानंच उघडलं. पदर खोचलेला, हाताला बेसन.

“काकू, खांबेटे काकांचं घर हेच ना?” भाग्यश्रीनं विचारलं.

“हेच. या.”

मागून हिंदुराव धापा टाकत जिना चढत होता. बाथरूममधून खांबेटे बाहेर आले. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. दिग्विजयनं नमस्कार केला, आत्याकडे पाहिलं आणि सहज विचारलं, “ह्या पण घरातल्याच का, काका?”

त्या प्रश्नात काही नव्हतं. एखादा विचारेल, पंखा जुना आहे का, तसं. पण खांबेट्यांना बिबवेवाडीचे व्यापारी दिसले असावेत, किंवा हॉलमधला सोफा-कम-बेड. ते म्हणाले, “नाही नाही. ह्या स्वयंपाकाच्या बाई आहेत आमच्या. येऊनजाऊन असतात.”

कुंडी माझ्या हातातच राहिली. वासंतीवहिनी पडद्याची चुणी सरळ करू लागल्या. ती सरळच होती. कुसुमआत्यानं भावाकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही.

“बेसन लागेल,” ती म्हणाली आणि आत गेली.

आपण एक खोटं बोललो की त्याची व्यवस्था आपल्यालाच बघावी लागते, हे हेडक्लार्कला माहीत असायला हवं होतं. चहा झाला तशा वहिनी सवयीनं उठल्या.

“काकू, तुम्ही बसा ना,” भाग्यश्री म्हणाली. “मावशी आणतीन की.”

वहिनी बसल्या. आणि कुसुमआत्या ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून बैठकीच्या टोकापर्यंत चालत आली. इतक्या कार्यक्रमांत तिला या घरात ट्रे घेऊन कुणी चालू दिलं नव्हतं. तिनं घाई केली नाही. दर पावलाला कप एका बाजूला सरकत होते आणि परत येत होते. थेंबही सांडला नाही. खांबेटे फरशीकडे बघत होते. पाहुण्यांना मात्र त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. बाईनं चहा आणला होता.

भाग्यश्री घर बघताबघता स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईचना. आतलं बोलणं बैठकीत स्वच्छ ऐकू येत होतं. आमच्या सोसायटीच्या भिंती तशा प्रामाणिक आहेत.

“मावशी, कशाचा वास येऊन राहिला हो हा?”

“बेसन. खातेस थोडं?”

“माझ्या पोटात काहीच ठरत नाही. महिना झाला. कँटीनचं पाहिलं तरी मळमळतं.”

ताटली ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

“वरणभात आहे मऊ. वाढू? वर तूप. लिंबू पिळते.”

दिग्विजय आत डोकावून आला आणि अचंब्यानं म्हणाला, “ती जेवून राहिली.” आम्ही सगळ्यांनी कौतुकानं माना हलवल्या. घराची किंमत, ओल, गाडीची जागा, काही निघालंच नाही.

“मावशी,” आतून आवाज आला, “आम्ही हे घर घेतलं तर तुम्ही आमच्याकडे कराल का? माझी आई अकोल्याला, तिला येणं होत नाही. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते, दुसरीकडे जबान देऊ नका.”

“बघू.”

“लांब राहता का तुम्ही?”

“नाही. इथंच.”

“घरी कोण कोण?”

“भाऊ आहे,” कुसुमआत्या म्हणाली. “पण त्याचं त्यालाच पुरे झालंय.”

खांबेट्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. त्यांनी तो पुसला नाही.

पाहुणे गेले. घर पसंत असल्याचं भाग्यश्रीनं जिन्यातच सांगितलं. हिंदुराव मागे थांबला. एरवी सौदा जमला की तो मोठ्यानं बोलायचा. त्या दिवशी बुलेटची किल्ली हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, “काका, मी लपवा म्हनलो हुतो. बाई करा न्हवतं म्हनलो.” लाडू न घेता गेला.

त्या दुपारचं मला पुढे वहिनींकडून कळलं. खांबेटे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“कुसुम, हे सगळं तुझ्याच खोलीसाठी—”

“माहितेय.”

“मला तसं बोलायचं नव्हतं.”

“पण बोललास छान,” ती म्हणाली. “कुठे अडखळला नाहीस.”

ती चिडली असती, रडली असती, तर त्यांना समजूत घालता आली असती. ते काम त्यांना जमत होतं. तिनं लाडू वळायला घेतले, आणि खांबेटे नंतर किती तरी वेळ गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढून परत घालत होते.

अक्षय्य तृतीयेला टोकन ठरलं. भाग्यश्रीनं दोन साड्या आणल्या होत्या. एक वहिनींना, काठापदराची, डब्यात. एक मावशींना, सुती, कागदात. आपल्याकडे घरातल्या बाईची साडी आणि कामाच्या बाईची साडी लांबून ओळखू येते. त्या दोन्ही प्रेमानंच आणलेल्या होत्या, हा त्यातला आणखी एक त्रास. कुसुमआत्यानं घेतली, “रंग चांगला आहे,” म्हणाली, आणि मग भाग्यश्रीला आत नेऊन दार लोटून घेतलं. बाहेर पेन उघडं ठेवून सगळे बसलेले. “पथ्यपाणी सांगत असेल,” खांबेटे दिग्विजयला म्हणाले. दोघी बाहेर आल्या. भाग्यश्री दिग्विजयला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. त्यानं एकदा खांबेट्यांकडे पाहिलं आणि टोकनचा चेक काढला. घर गेलं. वाकडची तिसरी खोली पक्की झाली.

आषाढात टेम्पो आला. शौनक आणि सलोनी मदतीला आले, म्हणजे फोनवर बोलत उभे राहिले. वडिलांचा फोटो माळ्यावरून उतरला, मासे डॉक्टरांकडे पोचले. शेवटी शौनकनं आमच्याकडची आत्याची ट्रंक उचलली.

“ती राहू दे,” कुसुमआत्या म्हणाली. “मी नाही येत.”

“अगं आत्या, तुझी रूम रेडी आहे. अटॅच्ड टॉयलेट आहे, तुला रात्री चालायला नको.”

“पाहुण्यांची करा ती. मला नोकरी लागलीय.”

सगळे थांबले. टेम्पोवालाही थांबला.

“भाग्यश्रीकडे. स्वयंपाक, आणि बाळ झालं की बाळाचं. राहायला जागा आहे. माझीच खोली देतेय ती मला. पगार ठरलाय. पहिल्यांदाच ठरलाय, म्हणून जरा जास्तच मागितला.”

“कुसुम,” खांबेटे टेम्पोपासून पुढे आले. “अगं, वेड लागलंय का तुला? आपल्याच घरात तू… लोक काय म्हणतील?”

“लोकांना काय सांगायचं ते तुला येतं, अण्णा. सांगून झालंयही. आता तुझा शब्द खोटा पडायला नको.”

“वॉव, आत्या,” सलोनी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मात्र कुणाकडे न बघता ट्रंकेचं दुसरं टोक धरलं आणि ती शौनकच्या मदतीनं परत ‘स्टडी’त नेऊन ठेवली.

खांबेटे वाकडला गेले. त्यांचा मला आठवड्याला फोन यायचा. पाण्याची वेळ बदलली का, जिन्यातला दिवा कुणी बसवला, तुमचं रबराचं झाड कसं आहे, सेक्रेटरी अजून तसाच आहे का. सगळं विचारून झालं की थोडं थांबायचे आणि म्हणायचे, “बाकी सगळे?” बाकी सगळ्यांत ती होती. मी म्हणायचो, “बाकी सगळे मजेत.” मग फोन ठेवायचे. इकडे मात्र एकदाही आले नाहीत. श्रावणात भाग्यश्रीला मुलगी झाली, बारशाचं रीतसर आमंत्रण गेलं. वहिनी आल्या, ते आले नाहीत. त्यांना सर्दी झाली होती. वाकडला ओल फार, म्हणाल्या.

भाऊबीज मात्र अशी असते की ती चुकवायला सर्दी पुरत नाही. जन्मभर दोघं एकाच घरात राहिली, त्यामुळे भाऊबीजेला खांबेट्यांना कुठे जावं लागत नव्हतं. बेडरूममधून बैठकीत आलं की पाट मांडलेला असायचा. आता पहिल्यांदाच त्यांना बहिणीच्या घरी जायचं होतं.

माझी बहीण कसबा पेठेतून यायची होती आणि ती येतच नव्हती, म्हणून मी दार उघडं टाकून पेपर वाचत बसलो होतो. जिन्यात पावलं वाजली. बघतो तो खांबेटे. हातात लक्ष्मी रोडवरच्या दुकानाची पिशवी. समोरच्या दाराकडे न बघता ते थेट आमच्याकडे आले, जणू माझ्याचकडे आले होते. खुर्चीच्या टोकावर बसले. पाणी प्यायले. पिशवी उघडून मला साडी दाखवली. काठापदराची होती, डब्यात.

“आवडेल ना?”

“तिलाच विचारा,” मी म्हणालो.

ते उठले. समोर जाऊन बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल बाहेरून कशी ऐकू येते याची त्यांना सवय नसावी, दचकले. दार भाग्यश्रीनं उघडलं, खांद्यावर बाळ.

“अरे काका! या ना. काही राहिलं का इथे?”

त्यांच्याकडे साधं दोन शब्दांचं वाक्य तयार होतं. बहिणीकडे आलोय एवढंच म्हणायचं होतं. वाकडहून दोन बस बदलून येताना ते त्यांनी घोकलंही असेल. ते म्हणाले, “नाही, ते… बाईंची दिवाळी द्यायची राहिली होती.”

मी पेपर वर केला.

भाग्यश्रीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग हळूच म्हणाली, “काका, आम्हाला माहीत आहे. टोकनच्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं मला. म्हणाल्या, मी ह्याची सख्खी बहीण आहे, माझा हिस्सा मी कधीच सोडलाय, भीती नाही, पण घर घ्यायचं तर कळून घे.”

“आणि… तरी घेतलंत?”

“घेतलं ना. बहीण आहे म्हणून घर का वाईट होते?”

“मग इतके महिने… तुम्ही काही बोलला नाहीत.”

“आम्ही म्हटलं, तुम्ही सांगाल,” ती म्हणाली.

आमच्याकडच्या कुणी हे म्हटलं असतं तर त्यात टोमणा असता, आणि टोमणा परतवता येतो. अकोल्याच्या त्या पोरीला टोमणा मारता येत नव्हता. ती खरंच वाट बघत होती. खांबेट्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

भाग्यश्रीनं आत वळून हाक मारली, “आत्या, भाऊ आले तुमचे!”

“बसव त्याला,” आतून आवाज आला. “निरांजनात तूप घालतेय.”

त्यांनी चपला काढल्या. दारातच उभे राहिले. दिग्विजयनं बाहेर येऊन त्यांच्या हाताला धरून आत नेलं आणि पाटावर बसवलं. माझ्या खुर्चीतून एवढं दिसत होतं: पाट, बाजूची रांगोळी आणि खांबेट्यांचं अर्धं डोकं. कुसुमआत्या ताम्हण घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“टोपी आणलीस?”

“विसरलो.”

“रुमाल टाक मग डोक्यावर.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, टाकला. तो घसरला, पुन्हा टाकला.

“आता मान वर कर,” ती म्हणाली. “कुंकू लावायचंय. जमिनीला नाही लावता येत.”

ती ताम्हण हातात धरून थांबली. निरांजनातलं तूप बऱ्यापैकी संपलं, तरी थांबली होती.